डिकीतलं पाणी

"झाकण लावा," रोहिणी आतून म्हणाली.

बाहेर दोघांपैकी कोणीच हललं नाही. राधाकृष्ण हातात पाण्याची नळी धरून उभा होता. त्याची वहिनी गोजरबाई कमरेवर हात ठेवून आपल्या धाकट्या जावेकडे बघत होती. जाऊ डिकीत कुशीवर पाय दुमडून पडली होती. एका हातात बॅटरी, साडीऐवजी मुद्दाम घातलेला जुना पंजाबी ड्रेस आणि कोपरापर्यंत टाल्कम पावडर.

"अगं बाई, मान्सानं निजायची जागा हाय व्हय ती?" गोजरबाई म्हणाली. "जीव गुदमरंल की."

"नाही गुदमरत, आक्का. मागच्या सीटची पाठ काढलीय, तिकडून हवा येते. पाणी कुठून शिरतं ते आतूनच दिसेल."

भिंतीपलीकडून शेजारच्या राहीबाईने मान वर काढली. "गोजरे, जावंला कोंडली का काय डिकीत? लई दिसाचं मनात हुतं वाटतं!"

"ये की तू बी. जागा हाय अजून," गोजरबाईने तिथूनच उत्तर दिलं आणि ती हसली. राधाकृष्णही हसला. मान मागे टाकून, मोठ्यांदा. रोहिणीने ते हसणं खालून, पडल्या पडल्या पाहिलं. नगरला, सावेडीतल्या त्यांच्या घरात हा माणूस असा हसत नाही. तिथे तो फक्त ओठांनी हसतो.

"लावा झाकण," ती पुन्हा म्हणाली.

झाकण बसलं आणि अंधार झाला.

गाडी तिच्या थोरल्या दिरांची होती. आबासाहेबांचं मिरजगावात, सोलापूर रस्त्याला लागून, खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी ही पांढरी डिकीवाली गाडी जुनीच घेतली होती आणि नव्यासारखी वापरली होती. दीड वर्षापूर्वी ते गेले. मुलगी पूजा लग्न होऊन बारामतीला. दुकान भाड्याने दिलं, पण गाडी विकायला गोजरबाई तयार झाली नाही. दवाखान्याला नाहीतर लेकीकडे जायचं झालं की गावातला एखादा ड्रायव्हर बोलवायची. एरवी गाडी अंगणात शेडखाली उभी. शेड अर्धंच होतं, मागची बाजू पावसात.

दीर गेले त्यानंतर वर्षभर राधाकृष्ण दर रविवारी मिरजगावला जात होता. रोहिणी काही बोलली नाही. वर्षश्राद्ध झालं तेव्हा मात्र बोलली.

"आता वर्ष झालं. दर रविवारी कशाला? त्यांना गाव आहे, पूजा आहे. आपल्या घरातही माणूस आहे."

राधाकृष्णने वाद घातला नाही. तो वाद घालतच नाही. पुढचा रविवार घरी राहिला, त्याच्या पुढचाही. मग पावसाळा आला आणि एका शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. गॅलरीत जाऊन तो बोलला आणि आत येऊन म्हणाला, "दादाच्या गाडीच्या डिकीत पाणी साचलंय. बघून यावं लागेल."

यावर काय बोलणार? मेलेल्या भावाची गाडी कुजू द्या असं कोणी म्हणतं का?

तो गेला. मागच्या दिव्यांच्या कडेने काळं सीलंट लावून आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी. त्याने झाकणाभोवतीचं रबर बदललं. पुन्हा पाणी. मागच्या काचेची कड भरली, झाकणाच्या कडेने जाणाऱ्या पन्हळीतले जोड भरले. पुन्हा पाणी. गौरी-गणपती झाले, पितृपक्ष लागला, तरी त्या डिकीतलं पाणी काही आटेना. एमआयडीसीतल्या कारखान्यात तेलाची गळती बघायला बाकीच्यांना पाठवणारा सुपरवायझर, त्याला एक डिकी कोरडी ठेवता येईना.

रोहिणीला हे पटत नव्हतं. ती नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मुलांचं उत्तर चुकलं की दोष उपकरणात आहे का हातात, हे शोधायचं तिचं काम. तिच्या अनुभवात दोन्हीत नसलेला दोष बहुतेक वेळा मनात असायचा. कोणाला तरी एखादं उत्तर यावं असं आधीच वाटत असतं.

आणि तिला मत्सर वाटत होता. हा शब्द तिने स्वतःशी उच्चारून पाहिला होता, आणि तो बरोबर होता. गोजरबाई साठीची. सासू गेली तेव्हा राधाकृष्ण सात वर्षांचा होता आणि ही सतरा वर्षांची नवी सून. तिने त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, ताप आला तर उशाशी बसली. असल्या बाईचा मत्सर करायचा तो कशाबद्दल? रोहिणीला सांगता आलं नसतं. तिला फक्त एवढं माहीत होतं की रविवारी तो परत येतो तेव्हा दारातून आत शिरेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी असतं आणि चपला काढता काढता ते विझतं. मुलगा ओम पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात ते विझणं ऐकू येईल इतकी शांतता होती.

म्हणून आज सकाळी ती त्याच्याआधी तयार झाली.

"तू येतेस?" त्याने विचारलं.

"हो. एकदाची काढून टाकू ती गळती."

तो म्हणाला, "अगं, खड्डे फार आहेत रस्त्याला. मोटरसायकलवर पाठ दुखेल."

"दुखू दे."

गळती थांबली की रविवार परत मिळेल. इतकं सरळ गणित होतं ते.

आल्याबरोबर तिने कामाला सुरुवात केली होती. डिकी रिकामी केली, सतरंजी उन्हात टाकली. स्टेपनी राधाकृष्णकडून काढून घेतली. तिच्याखालच्या खोलगट भागात गंजाच्या रंगाचं पाणी होतं, आणि त्यात डासांची पिल्लं वळवळत होती. ते पुसून कोरडं केलं. मग आतल्या सगळ्या पत्र्यावर तिने टाल्कम पावडर फुंकली, पातळ, सारखी. पाण्याचा एक थेंब जरी त्यावरून गेला तरी त्याची वाट उमटणार होती. कारण पाणी दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं. ते कुठेतरी वर शिरतं, आतल्या आत जोडांच्या कडेने चालतं आणि सोयीच्या जागी टपकतं. खाली सीलंट लावत बसणारा माणूस पाण्याच्या मुक्कामाला कुलूप घालत असतो.

"खालून सुरुवात करा," तिने नवऱ्याला सांगितलं होतं. "आधी बंपर, मग दिवे, मग पन्हळ, शेवटी काच. वरून ओतलं तर सगळीकडूनच उतरेल आणि काही कळणार नाही. मी आतून ठोकलं की नळी थोडी वर न्यायची."

आता पत्र्यावर पाणी वाजू लागलं. रोहिणीने बॅटरी लावली. पावडरीने आतला पत्रा पिठाच्या गिरणीसारखा दिसत होता. बंपरपाशी काही नाही. तिने ठोकलं. दिव्यांपाशी पाणी आलं. डावा दिवा कोरडा, उजवा कोरडा. राधाकृष्णचं सीलंट तिथे चांगलं बसलं होतं. हात सफाईचा होता त्याचा. तिने पुन्हा ठोकलं.

पाणी डाव्या बाजूच्या पन्हळीत शिरलं, झाकणाच्या बिजागरीजवळ. आणि जोडाखाली पावडरीवर एक ठिपका काळा झाला.

ती बघत राहिली. ठिपका फुगला, थेंब झाला, ओघळला. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, चौथा. सगळे एका ओळीत, सारख्या अंतरावर.

रोहिणीने बॅटरी जवळ नेली. पत्रा कुजतो तेव्हा वेडावाकडा कुजतो. सीलंट तडकतं तेव्हा त्याची भेग नदीसारखी जाते. आपोआप झालेली कुठलीच गोष्ट अशी रांगेत उभी राहत नाही. ही शिवण होती. कोणीतरी टोचलं होतं.

कोण, हा प्रश्न तिला पडलाच नाही. सीलंट लावणारा हात एकच होता. त्यानेच लावायचं, त्यानेच टोचायचं, आणि शनिवारी संध्याकाळी गॅलरीत जाऊन फोन घ्यायचा. वीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या माणसाला घराबाहेर पडण्यासाठी पत्र्याला भोकं पाडावी लागतात!

तेवढ्यात पाणी थांबलं. विहिरीवरच्या मोटरचा घरघराट विरत गेला.

"लाईट गेली," राधाकृष्णचा आवाज आला. "झाकण उघडू का?"

"नको," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आल्याचं तिला नवल वाटलं. "पावडर हलेल. येईल लाईट. मी थांबते."

पावलं गाडीच्या पुढच्या बाजूला गेली. डिकीचं झाकण लावलं की आतल्या माणसाला काही ऐकू येत नसणार, असं बाहेरच्यांना वाटणं साहजिक होतं. पण सीटची पाठ काढलेली होती आणि हवेसाठी मागच्या दारांच्या काचा रोहिणीनेच उतरवून ठेवल्या होत्या. आवाज नरसाळ्यातून यावा तसा आत येत होता.

"वैनी," राधाकृष्ण हळू म्हणाला, "ह्या आठवड्याला तरी ऱ्हाऊ द्यायचं हुतं."

"काय ऱ्हाऊ द्यायचं?"

"दाभण."

कुठेतरी कोंबडी कुरकुरली.

"तुला कवापास्नं ठावं हाय?" गोजरबाईचा आवाज.

"दुसऱ्याच रविवारी कळलं की. सीलंटाला गोल भोकं आपआप पडत्यात व्हय? पोत्याची शिवण असल्यावानी?"

"मंग बोलला न्हाईस ते?"

"काय बोलायचं त्यात? तू टोचायचं, म्या बुजवायचं. बरं चाललंय की."

आणि दोघं हसली. दबक्या आवाजात, शाळेत बाकाखाली मुलं हसतात तशी. रोहिणी अंधारात ते हसणं ऐकत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिच्या मैत्रिणींसमोर तो 'न्हाई' म्हणाला होता, आणि तिने हसत हसत, अगदी लाडाने, म्हटलं होतं, "न्हाई नाही हो, नाही." त्या दिवसापासून तो घरात नीट बोलत आला. इतका नीट की त्याचं दुसरं बोलणं असेल हे ती विसरून गेली होती. आता ते पत्र्यापलीकडे, हाताच्या अंतरावर वाहत होतं आणि दुसऱ्या बाईसाठी होतं.

"वैनी, पर असं करायचं कशाला? फोन केला असता तरी आलो असतो."

"आला असतास!" गोजरबाई म्हणाली. "वरीस झाल्यावर आल्तास का? तिनं नगं म्हटलं, तू बसलास. म्या तुला दोष देत न्हाई. तुझा संसार हाय. पर रिकाम्या हातानं निघालास की तिचं तोंड एवढं हुतं. गाडी गळती म्हटलं की सोडती तरी."

"ती वाईट न्हाई, वैनी."

"म्या कुठं वाईट म्हटलं? चांगलीच हाय. चांगल्या मान्सालाच कारण द्यावं लागतं. वाईट मान्साला कोन इचारतं?"

मग गोजरबाईच म्हणाली, "आता काढील शोधून."

"काढील. तिच्या नजरंतनं काय सुटत न्हाई," तो म्हणाला.

ते तो कौतुकाने म्हणाला. रोहिणीला तो सूर लगेच कळला; समोर तिने तो कधी ऐकला नव्हता. तो तिच्या पाठीमागे, दुसरीजवळ बोलायचा सूर होता. तिने बॅटरी बंद केली. नवऱ्यावर केलेला संशय चुकला होता, म्हणून हलकं वाटायला हवं होतं. उलट काळजावर धोंडा ठेवल्यासारखं झालं. तो खोटं वागला असता तर भांडता आलं असतं. इथे भांडायला काहीच नव्हतं. दोन माणसं एकमेकांना माहीत असलेली एक गोष्ट न बोलता जपत होती. तसं काही तिच्याजवळ कधी नव्हतं. आणि ती भोकं कोणापासून लपवण्यासाठी होती? तिच्यापासूनच.

लाईट आली. मोटर घरघरली.

"बास," ती ओरडली. "उघडा आता."

उजेड डोळ्यांत घुसला. राधाकृष्णने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, कडेला कोपर टेकून स्वतःच उतरली.

"सापडलं?" त्याने विचारलं.

"सापडलं."

गोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. रोहिणीने पन्हळीवरचं रबर उपसलं. काळ्या सीलंटमध्ये गोल, स्वच्छ भोकांची रांग उन्हात सगळ्यांना दिसली. तिघंही त्या रांगेकडे बघत राहिले.

"काय निघालं गं?" राहीबाईने भिंतीवरून विचारलं.

"उंदरानं खाल्लंय," गोजरबाई तिच्याकडे न बघता म्हणाली.

"उंदीर बी काय काय खात्यात, बया," राहीबाई म्हणाली आणि आपल्या कामाला गेली.

रोहिणी बोलू शकली असती. 'इथला जोड सुटलाय, सीलंट लावा,' इतकंच म्हणता आलं असतं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दाभण, पुन्हा फोन. तिला ते दिसत होतं. तिने पिशवीतून एपॉक्सी पुट्टीचं पाकीट काढलं. आत दोन कांड्या, एक पांढरी, एक काळी.

"हे सगळं खरवडून काढा," ती राधाकृष्णला म्हणाली. "पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा. ओल अजिबात नको." मग तिने दोन्ही कांड्या गोजरबाईसमोर धरल्या. "आक्का, तुम्ही मळा हे. तुमचा हात चांगला आहे."

हे बोलताना आपण काय करतोय ते तिला कळत होतं. तरी तिने केलं.

गोजरबाईने कांड्या घेतल्या. "कणकेवानी?"

"कणकेसारखंच. दोन रंग वेगळे दिसायचे थांबले पाहिजेत."

ती उकिडवी बसली आणि मळू लागली. जोंधळ्याचं पीठ मळून मळून रुंद झालेले तळवे होते ते. पांढरं आणि काळं आधी एकमेकांत वळवळलं, मग पट्टे झाले, मग रेषा, आणि शेवटी राखेसारखा एकच रंग उरला. गोळा कुठे फाटला नव्हता. प्रयोगशाळेत कोणाला इतकं एकजीव मळता आलं नसतं.

"हे वाळतं का लवकर?" तिने मान खाली घालूनच विचारलं.

"तासाभरात. मग दगड होतो त्याचा."

"मंग पुन्हा न्हाई गळायचं?"

"नाही."

"टोकदार कायबी घातलं तरी?"

राधाकृष्णचा हात पॉलिश पेपरवर थांबला.

"नाही जात आक्का, काहीच," रोहिणी म्हणाली.

"बरं झालं," गोजरबाई म्हणाली आणि गोळा तिच्या हातात दिला. "ह्यांची गाडी हाय. ऱ्हाईल चांगली."

रोहिणीने जोडात पुट्टी भरली, ओल्या बोटाने सारखी केली, वरून रबर बसवलं. काम नेटकं झालं. तिचं प्रत्येकच काम नेटकं असायचं.

ती वाळेपर्यंत जेवणं झाली. गोजरबाईने कोणाला काय हवं ते विचारलं नाही. राधाकृष्णच्या ताटात तिने कड करपलेली भाकरी टाकली, आणि त्याने पहिल्यांदा ती काळी कडच तोडून मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली. मन लावून, डोळे बारीक करून. रोहिणी बघत राहिली. लग्नापासून ती त्याला मऊ पोळ्या करून घालत होती. करपली कड ती कातरून टाकायची. त्याने कधी म्हटलं नव्हतं की ठेव.

"तुला मऊ लागती ना गं," गोजरबाई म्हणाली आणि दुसरी, पांढरी भाकरी तिच्या ताटात वाढली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर रोहिणीला घास उतरला असता.

दुपारी पुन्हा पाणी ओतून पाहिलं. डिकीत बसायची गरज नव्हती; झाकण उघडलं तेव्हा पावडर जशीच्या तशी होती. राधाकृष्णने बोट फिरवून पाहिलं. "कोरडी आहे," तो म्हणाला. रोहिणीशी बोलताना तो मिरजगावातही नीटच बोलायचा.

परतताना रुईछत्तीशीच्या पुढे पाऊस लागला. ती त्याच्या पाठीमागे बसून भिजत होती. वाटेत तो एकदाही बोलला नाही, चहाला थांबला नाही. पण पावसात मोटरसायकल चालवताना कोण बोलतं?

पुढचा रविवार उजाडला आणि तो घरी होता.

तिने ठरवून सगळं केलं होतं. सकाळी त्याच्या आवडीचे कांदेपोहे, मग बाजारातून येताना ज्वारीचं ताजं पीठ. दुपारी तिने भाकरी थापली आणि तव्यावर जरा जास्त ठेवली, कड काळी होईपर्यंत. ताट समोर ठेवून ती उभी राहिली.

त्याने कड उचलली, तिच्याकडे पाहिलं. "करपली का जराशी?" तो सौम्यपणे म्हणाला. "असू दे. चालतं." आणि कड ताटाच्या काठाला लावून मऊ भाग खाल्ला.

ती आत गेली. ओट्यावरचं पीठ पुसताना तिला जाणवलं की आपण कड नुसती करपवली होती. तिकडे ती मायेने वाढली जात होती.

जेवल्यावर तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला. फोन मांडीवर होता. वाजला नाही. तो स्वतःही लावत नव्हता. मिरजगावला फोन लावून विचारायचं तरी काय? डिकी कोरडी होती, ते दोघांनाही माहीत होतं. संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातल्या नळाचा नट आवळला, न्हाणीघरातल्या नळाचाही. दोन्ही गळत नव्हते. मग दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. रोहिणी पेपर वाचत होती आणि एक ओळही तिच्या डोक्यात जात नव्हती. तिला हवा होता तो रविवार पूर्णपणे तिच्या घरात होता. त्यात माणूस होता, त्याचे हात होते, तो तिच्याशी नीट बोलत होता. कुठेही काही कमी नव्हतं आणि एखादी वस्तू मोजून पाहावी तसा ती तो रविवार मोजत होती.

त्याच्या पुढच्या रविवारी पहाटेपासून परतीचा पाऊस धरला. आग्नेयेकडचं आभाळ नुसतं काळं होतं. कर्जत-जामखेडकडे झोडपत असणार. राधाकृष्ण दाढी करून, चहा घेऊन, त्याच खुर्चीवर येऊन बसला. पावसाकडे बघत राहिला. एकदा त्याने मान किंचित वळवली, काही ऐकू येतंय का अशी, आणि पुन्हा समोर केली.

रोहिणी दारात उभी होती. मत्सर गेला नव्हता. तो जाणारा नव्हता हे तिला आता कळलं होतं. गुडघ्यातल्या दुखण्यासारखा तो तिच्यात राहणार होता, पाऊस आला की ठणकणार होता. 'जाऊन या' म्हणणं सोपं होतं. पण 'जाऊन या' म्हटलं असतं तर ती परवानगी झाली असती, आणि परवानगी घेऊन तो जाईल तेव्हा तिकडेही ओठांनीच हसेल. त्याला आणि त्या बाईला परवानगी नको होती, निमित्त हवं होतं.

"अहो," ती म्हणाली.

"काय गं?"

"पाऊस फार आहे तिकडे. मला वाटतं, डिकीत पाणी आलं असेल."

तो वळला. "तू लावलंस ना ते पक्कं?"

"लावलं. पण घाईत लावलं. पत्रा नीट कोरडा झाला नव्हता बहुतेक." तिने त्याच्या नजरेला नजर दिली. पत्रा कोरडा होता. तिने स्वतः दोनदा फडक्याने पुसून, बोटाने बघितला होता. आयुष्यात तिने चुकीचं निरीक्षण कोणाला सांगितलं नव्हतं. "सुटलं असेल ते. बघून या एकदा."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं का? तिला किती कळलं आहे, ते? त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

"असेल," तो शेवटी म्हणाला. "एवढ्या पावसात काय सांगता येतं."

तो उठला. आत जाऊन पाने-पकडींची पिशवी घेऊन आला, सीलंटची अर्धी ट्यूब तिच्यात टाकली, पॉलिश पेपर टाकला. खाली जाऊन मोटरसायकलच्या मागच्या सीटवर पिशवी दोरीने बांधू लागला. त्यातलं एकही अवजार लागणार नव्हतं.

रोहिणी जिना उतरून आली. तिच्या हातात प्लास्टिकचा मोठा कागद होता.

"हे गुंडाळा वरून," ती म्हणाली. "भिजेल सगळं."

त्याने दोरी सैल केली. तिने कागदाची दोन टोकं धरली, त्याने दोन. पावसात उभं राहून दोघांनी मिळून ती पिशवी चारी बाजूंनी नीट झाकली, एक थेंबही आत जाणार नाही अशी.